दाना ओलीचा खोटा ताप

संपादकबाईंनी फोनवर विषय सांगितला तेव्हा मला वाटलं, नंबर चुकला असेल. डेटा सायन्स आणि एआयच्या मेळाव्यांबद्दल लिहा म्हणाल्या, तुमच्या अनुभवातून. म्हटलं, बाई, माझं वय एकाहत्तर आहे, आणि हे खरं एकाहत्तर आहे, रजिस्टरातलं नव्हे. त्या म्हणाल्या, म्हणूनच तुम्हाला सांगतेय. तर आता वाचा.

रजिस्टरातलं वय म्हणजे काय ते आधी सांगते, कारण माझा सगळा धंदाच तो. छत्तीस वर्षं मी ग्वाल्हेरला, कंपू नावाच्या भागात एका मोठ्या इस्पितळात रेकॉर्ड क्लार्क होते. डॉक्टर माणसं वाचवतात, नर्सेस सांभाळतात. आम्ही ती लिहायचो. रोगी भरती झाला की त्याची पर्ची आमच्या खिडकीत यायची. तिच्यावरून मोठ्या रजिस्टरात एक आडवी ओळ भरायची: नंबर, नाव, वय, पत्ता, आजार, कधी आला, कधी गेला, आणि गेला म्हणजे कुठे गेला, घरी की वर. हे सगळं भोपाळला जायचं आणि तिथे त्याचे तक्ते व्हायचे. आता त्याला डेटा म्हणतात. आम्ही त्याला ढीग म्हणायचो.

वय विचारलं की आमच्याकडे उत्तर ठरलेलं: "लिख लो चालीस." चाळीसच्या पुढे थेट पंचेचाळीस, मग पन्नास. एक्केचाळीस वर्षांचा माणूस मी खिडकीत कधी पाहिलाच नाही. एक बाई दर पावसाळ्यानंतर दम्यानं भरती व्हायच्या आणि अकरा वर्षं साठच्याच राहिल्या. बाराव्या वर्षी त्यांनी अठ्ठावन्न सांगितलं. मी मान खाली घालून अठ्ठावन्न लिहिलं. माझी तेव्हाची ख्यातीच ती होती, लिहिण्यात हात थांबत नाही.

मेळाव्यांत मी शिरले ती खुर्च्यांमुळे. लष्कर या ग्वाल्हेरच्या आमच्या भागातल्या मराठी मंडळाच्या हॉलची किल्ली माझ्याकडे असते. एके दिवशी भदौरिया नावाचा तरुण इंजिनिअर दारात उभा. अम्मा, महिन्यातून एक रविवार हॉल द्या, आम्ही पंचवीस-तीस जण जमून डेटावर बोलतो. मी विचारलं, बोलता म्हणजे भांडता का? म्हणाला, थोडंसं. मी म्हटलं, भांडा, पण खुर्च्या जागेवर ठेवा. आणि त्या जागेवर राहतात की नाही हे पाहायला मी शेवटच्या रांगेत विणकाम घेऊन बसू लागले.

पहिल्या रविवारी मला काही म्हणता काही कळलं नाही. मुलं पडद्यावर रंगीत ठिपके दाखवत होती आणि एकमेकांना शाबासकी देत होती. दुसऱ्या रविवारी मात्र एकजण तासभर एकाच गोष्टीवर बोलला: माहितीतला एखादा रकाना रिकामा असेल तर त्याचं काय करायचं. सोडून द्यायचा, सरासरी घालायची, की शेजारच्या ओळी पाहून अंदाज करायचा. माझ्या सुया थांबल्या. एवढ्यासाठी तास? मी उठून म्हटलं, बेटा, आम्ही तर रकाना रिकामा ठेवतच नव्हतो. हॉल हसला. भदौरियानं पुढच्या महिन्यात माइकच माझ्या हातात दिला. रजिस्टर कसं भरतात यावर मी पाऊण तास बोलले आणि इतक्या टाळ्या पडल्या की नवीन साडी नेसून आल्याचं सार्थक झालं. तेव्हापासून मी तिथली ठरलेली वक्ता. मुलं शिकून आलेली, पण माहिती जिथे जन्मते त्या खिडकीत त्यांच्यापैकी कोणी बसलेलं नव्हतं. मी बसले होते. एवढ्या भांडवलावर माझं बरं चाललंय.

हळूहळू मीही शिकले. ही बोलणारी, लिहिणारी यंत्रं कशी चालतात ते भदौरियानं मला समोसा खाता खाता सांगितलं. जगभरचं लिखाण त्यांना वाचायला घातलेलं असतं. त्यावरून पुढचा शब्द कोणता शोभेल याचा अंदाज करत ती लिहीत जातात. बहुतेकदा बरोबर लिहितात. पण माहीत नसलं तरीही तितक्याच ऐटीत लिहितात. मी मनात म्हटलं, ही बाई मला ओळखीची वाटते.

याचा पहिला प्रसाद मिळाला आमच्याच एका सरदारी थाटाच्या गृहस्थांना. लष्करात प्रत्येक मराठी घराचा पूर्वज दक्षिणेतून घोड्यावर बसूनच आलेला असतो; चालत आलेला कोणी सापडत नाही. या गृहस्थांनी मेळाव्यात यंत्राला आपल्या पणजोबांचं नाव घालून विचारलं, हे कोण? यंत्रानं पाचशे घोडेस्वारांचा सेनापती काढून दिला, डाव्या खांद्यावरच्या जखमेसकट. गृहस्थांनी ते छापून चौकटीत लावलं. त्यांचे पणजोबा मुदपाकखान्यात होते हे साऱ्या लष्कराला ठाऊक, आणि त्यांच्या हातच्या पुरणाची कीर्ती अजून आहे. मी म्हटलं, अहो, सेनापती दहा झाले असतील, असं पुरण एकानंच शिजवलं. ते दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. मी मात्र पोट धरून हसले. दुसऱ्याच्या रकान्यात खोटं भरलेलं पाहिलं की फार हसू येतं.

आता स्वरा मोहितेबद्दल.

ही चोवीस वर्षांची मुलगी. पूर्वज फौजेतले, वडिलांचं किला गेटला विजेच्या सामानाचं दुकान, आणि ही घरून पुण्याच्या कंपनीचं काम करते. बोलायला मराठीत सुरू होते, हिंदीत संपते. मेळाव्यातली सगळ्यात हुशार, आणि माझी सगळ्यात लाडकी, कारण खुर्च्या उचलायला थांबते.

शहरातल्या एका धर्मादाय ट्रस्टला तापाच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडायचा होता. रक्ताची तपासणी, औषध, सगळं फुकट. पण दवाखाना एकच. कुठे उघडायचा हे त्यांनी मेळाव्याला विचारलं आणि काम स्वरानं घेतलं. इस्पितळाच्या नव्या कॉम्प्युटरात तिला प्रत्येक रोग्याचा पत्ता एकच मिळाला, ग्वालियर. म्हणून तिनं रीतसर परवानगी काढून तापाच्या वॉर्डाची नऊ वर्षांची जुनी रजिस्टरं मिळवली, नावाचा रकाना झाकून पानापानाचे फोटो काढले आणि ते यंत्राला वाचायला दिले. तिचं म्हणणं, माणसं बदलली असतील, नाले आणि डबकी तीच आहेत. सगळ्या वर्षांचे पत्ते नकाशावर मांडले की ताप कुठे मुक्कामाला असतो ते दिसेल. रविवारी ट्रस्टची माणसं हॉलमध्ये येणार, स्वरा नकाशा दाखवणार, आणि तिथेच जागा ठरणार.

शनिवारी दुपारी ती रंगीत तालमीसाठी माझ्याकडे आली. लॅपटॉप उघडला. नकाशावर दाना ओली, लष्करातली ती दाटीची गल्ली, लालबुंद. बाकी शहर फिक्कट गुलाबी.

"आजी, देखो तर सही. पूरी दाना ओली. आणि आमची आजी सांगते की किला गेटला घराघरात ताप असायचा. डेटात तर काहीच नाही. तिला मी म्हटलं, याददाश्त म्हणजे डेटा नसतो."

मग तिनं पानांचे फोटो दाखवले. म्हणाली, दोन क्लार्क होते. एकाचं अक्षर इतकं सुंदर की यंत्र ते एकदाही अडखळत नाही. दुसऱ्याचं म्हणजे पूरा कचरा, निम्मे पत्ते लागत नाहीत, अधूनमधून रकानेच रिकामे. ती पानं तिनं काढून टाकली होती.

मी पडद्यावर वाकले. काळी शाई, टपोरं अक्षर, मोजून मारल्यासारख्या सरळ शिरोरेखा. मी रेकॉर्डला होते हे स्वराला माहीत होतं. कोणत्या वॉर्डाचं रजिस्टर माझ्या हातात होतं हे कधी बोलण्यात आलं नव्हतं. आणि मी काय बोलले असेन?

"अक्षर खरंच सुंदर आहे," मी म्हटलं, आणि तिला लाडू दिला.

ती गेल्यावर मी भिंतीकडे पाहिलं. तिथे माझं प्रशस्तिपत्र आहे, आदर्श अभिलेखाचं. ते मिळालं कशाबद्दल ते सांगते.

मी नोकरीला लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि शहाणपणाचा ठेका मीच घेतला आहे अशा थाटात पदर खोचून बसायचे. शेजारच्या टेबलावर रामसनेही, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, तोंडात सुपारी, अक्षर असं की कोंबडीनंही माफी मागावी. तापाचे दिवस आले की खिडकीपुढे रांग लागायची. बरेचसे मजूर, पत्ता विचारला की म्हणायचे, "किले के नीचे." आता आमचा किल्ला म्हणजे लहानसहान नव्हे, त्याच्याखाली अर्धं शहर आहे. रामसनेही लेखणी खाली ठेवायचे. किल्ल्याच्या कोणत्या बाजूला? जवळ मंदिर कोणतं? पाणी कुठल्या विहिरीचं? एका रोग्याला पाच-पाच मिनिटं. आणि रोगी बेशुद्ध असला, सोबत कोणी नसलं, तर पत्त्याचा रकाना तसाच सोडून पुढे.

साहेबांना रिकामा रकाना म्हणजे डोळ्यांतलं कुसळ. रामसनेहींना दर महिन्याला बोलणी बसायची. मी ते पाहिलं आणि माझी युक्ती काढली. "किले के नीचे" हा काही पत्ता नव्हे, रिकामा ठेवला तर ओरडा, तेव्हा मी लिहायचे, दाना ओली. का? कारण मी नवी नवरी होऊन दाना ओलीत राहत होते आणि लेखणीला तोच रस्ता पाठ होता. शिवाय दाटी इतकी की कोण कुठे राहतं ते दाना ओलीलाही सांगता येणार नाही, पकडणार कोण? एकदा सुरू झालं की हात सोकावतो. मला वाटायचं, केवढी मी चलाख. रामसनेहींचा गठ्ठा संध्याकाळपर्यंत, माझा जेवणाच्या सुट्टीआधी साफ. त्यांच्या रजेच्या दिवशी मी त्यांच्या रजिस्टरातले रिकामे रकानेही भरून ठेवायचे, उपकार म्हणून. नऊ वर्षं मी ते रजिस्टर लिहिलं. भोपाळहून तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी पानं उलटली, एकही रकाना मोकळा नाही हे पाहून माना डोलावल्या आणि मला ते पत्र दिलं. मी ते चौकटीत लावलं. सेनापतीवाल्या गृहस्थांना हसताना ही भिंत माझ्या पाठीमागेच होती.

म्हणजे झालं होतं असं: माझं खोटं सुवाच्य होतं म्हणून यंत्रानं वाचलं, आणि रामसनेहींचं खरं गिचमिड होतं म्हणून स्वरानं टाकलं. त्या लाल ठिपक्यात मी बसले होते, पदर खोचून.

प्रामाणिकपणे सांगायचं तर शनिवारची संध्याकाळ मी स्वतःला समजावण्यात घालवली. दाना ओलीतही डास असतातच, दवाखाना झाला तर वाईट काय. मग किला गेटच्या त्या आजीबाई आठवल्या, ज्यांना नातीनं सांगितलं होतं की तुमची आठवण म्हणजे डेटा नव्हे. मी बाईंना कधी पाहिलेलं नाही. पण त्यांचं खरं मीच खोडलं होतं.

रविवारी सकाळी चौकट काखोटीला मारून लवकर हॉलवर गेले. स्वरा पडदा लावत होती. मी तिला खुर्चीत बसवून सगळं सांगितलं. ती रडली नाही, की रागावली नाही. लॅपटॉप बंद केला, पुन्हा उघडला.

"किती खोटे आहेत?"

"सांगता येत नाही. त्यातले काही खरे दाना ओलीचेही असतील. कोणते, ते आता मलाही कळणार नाही."

"तुम्ही हे कल सांगू शकला असता."

"हो."

 तीन महिन्यांचं काम होतं पोरीचं, आणि ट्रस्टची गाडी फाटकात येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "मग आज आधी तुम्ही बोला. मी पान लावते पडद्यावर."

मी माइक हातात घेतला तेव्हा हॉल खुशीत होता. अम्मा आज काहीतरी गमतीचं सांगणार. मी सांगितलं. हिंदीत, कारण पहिल्या रांगेत ट्रस्टवाले होते. पडद्यावरचं अक्षर माझं, आणि हे त्याचं बक्षीस, असं म्हणून चौकट टेबलावर ठेवली. पाठीमागे स्वरानं माझ्या हातच्या नोंदी नकाशावरून काढल्या. दाना ओली बघता बघता फिक्कट झाली. नकाशावर जवळजवळ काहीच उरलं नाही.

कोणी हसलं नाही. मग भदौरिया हळूच म्हणाला, "अम्मा, आपने तो ट्रेनिंग डेटा ही बिगाड़ दिया." तेव्हा सगळे हसले, आणि मला खुर्ची मिळाली.

ट्रस्टचे म्हातारे अध्यक्ष हसले नव्हते. त्यांनी स्वराला विचारलं, मग दवाखाना कुठे उघडायचा? ती उभी राहिली. इतक्या मेळाव्यांत मी पुष्कळ हुशार पोरं त्या पडद्यासमोर पाहिली; पण तिनं जे सांगितलं ते कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"अभी नहीं मालूम, सर. जो पन्ने मैंने हटा दिए थे, वो पढ़ने पड़ेंगे."

आणि ते वाचणार कोण, असं त्यांनी विचारलं. स्वरानं माझ्याकडे पाहिलं. रामसनेहींना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचं अक्षर वाचू शकणारं माणूस आता या शहरात एकच उरलं होतं, आणि त्याच्या हातात विणकाम होतं. अध्यक्षांनी पावसाळा तोंडावर येईपर्यंतची मुदत दिली.

मग दर शनिवार-रविवार आमची शाळा भरू लागली. मी वाचायचे, स्वरा टंकायची, आणि मी वाचलेल्या पानांवरून यंत्रही ते अक्षर शिकायचं. पहिल्याच दिवशी गंमत झाली. जिथे जिथे शाई पुसट होती तिथे यंत्रानं बेधडक लिहिलं, दाना ओली. आधी माझीच पानं वाचून तयार झालेलं ना ते. माझी चेली. स्वरानं त्याला बजावलं की वाचता आलं नाही तर जागा मोकळी सोड. तीनदा बजावावं लागलं. मला साहेबांनी उलटं एकदाच सांगितलं होतं आणि मी जन्मभर ऐकलं.

रामसनेहींचे पत्ते म्हणजे पत्ते नव्हतेच, वाटा होत्या. किला गेटच्या आत, विहिरीवरून डावीकडे, लाकडाच्या टालीसमोर, म्हणजे वखारीसमोर. एक रोगी, दुसरा, तिसरा, त्याच टालीसमोर. एका पावसाळ्यानंतर अख्खं पान त्याच गल्लीचं. स्वराचा हात थांबला. ही आमची गल्ली आहे, म्हणाली, टाल आजोबांच्या वेळी होती. तिनं आजीला फोन लावला आणि बाहेर जाऊन बोलली. काय बोलली ते मी विचारलं नाही. आत आली आणि म्हणाली, पुढचं वाचा.

नवा नकाशा पहिल्याइतका लालभडक नव्हता. त्यात पांढऱ्या जागा पुष्कळ होत्या आणि स्वरानं त्या पांढऱ्याच ठेवून ट्रस्टला दाखवल्या. दवाखाना किला गेटच्या बाजूला उघडला. पहिल्या दिवशी स्वराची आजी खुर्ची टाकून दारात बसली होती म्हणे, जणू दवाखाना तिनंच बांधला. माझ्या हिशेबानं तो तिनंच बांधला. मला तिथे रजिस्टर कसं लिहायचं ते शिकवायला बोलावतात. मी नव्या मुलीला पहिल्या दिवशी काय शिकवते ते तुम्ही ओळखलं असेल.

एक पान राहिलं. ते आम्ही वाचलेल्या शेवटच्या पानांपैकी होतं. नंबर होता, वय रिकामं, पत्ता रिकामा, आजाराच्या जागी ताप. कडेला पेन्सिलीनं काहीतरी गिचमिड होतं. स्वरानं मोठं करून दाखवलं, यंत्राला विचारलं. यंत्र आता शहाणं झालेलं, त्यानं जागा मोकळी सोडली. आजी, तुम्हाला लागतंय का, तिनं विचारलं.

मला पहिल्या नजरेतच लागलं होतं. क्षणभर वाटलं, सांगावं पुसट आहे म्हणून. जगात ते वाचणारी मी एकटी. मग मी मोठ्यानं वाचलं: "बेहोश है. होश आने पर पूछेंगे. बहनजी इसे न भरें."

बहनजी म्हणजे मी. म्हणजे त्यांना माहीत होतं. नऊ वर्षं शेजारी बसून त्यांनी साहेबांना सांगितलं नाही, मला सांगितलं नाही. फक्त आपल्या रकान्याला पेन्सिलीचं कुंपण घातलं.

स्वरानं विचारलं, हेही लिहू का? मी म्हटलं, जसंच्या तसं लिही. तिनं लिहिलं. मग म्हणाली, "आणि होश आल्यावर विचारलं का त्यांनी?"

आम्ही पुढची पानं पाहिली. तीन दिवसांनंतरच्या पानाच्या तळाशी तोच नंबर पुन्हा लिहिलेला होता, आणि त्यापुढे त्याच कोंबडीच्या अक्षरात पूर्ण पत्ता, विहिरीसकट. विचारलं होतं.